दोन वर्षांची शाळा

आंतरराष्ट्रीय शाळेतली अकरावी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. पुढच्या वर्षी १५ ऑक्टोबरला ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांचे अर्ज बंद होतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीची मुदत १ नोव्हेंबरला संपते. दोन वर्षांसाठी म्हणून घेतलेल्या प्रवेशात विद्यापीठापुढे ठेवण्याजोगे काही उभे करायला चौदा महिने मिळतात. त्यातून दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी वजा केली की वर्षभरही उरत नाही. दहावी राज्य मंडळातून किंवा सीबीएसईतून करून आलेल्या मुलाचे पहिले दोन-तीन महिने नवी पद्धत समजून घेण्यातच जातात.

हा हिशेब मी आधी मांडला, कारण शाळा पाहायला गेलेले बहुतेक पालक बारा वर्षांच्या शाळेची निवड करावी तशी ही निवड करतात. मैदान, तरणतलाव, वसतिगृह, जेवणघर, भिंतीवरचे झेंडे हे सगळे पाहून होते. पहिलीपासून बारावीपर्यंत राहणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग आहेच. पण शेवटच्या दोन वर्षांसाठी येणाऱ्या मुलाची शाळा म्हणजे सहा विषय, ते शिकवणारी सहा माणसे आणि विद्यापीठाच्या अर्जांचे काम पाहणारा एक समुपदेशक. इमारत तीच आणि फी तीच असूनही शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या वाट्याला दोन वेगळ्या शाळा येऊ शकतात, कारण त्यांचे विषय वेगळे असतात.

आता कार्यक्रमांकडे वळू. महाराष्ट्रात या टप्प्यावर प्रामुख्याने दोन पर्याय समोर येतात. एक आयबी डिप्लोमा आणि दुसरा केंब्रिजची ए लेव्हल.

आयबीचा जन्म ज्या अडचणीतून झाला ती समजली की तिची रचनाही समजते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये जिनिव्हात आली. तिथे काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली. मुले वेगवेगळ्या देशांची, आणि विद्यापीठासाठी प्रत्येकाला आपापल्या देशात परतायचे. त्यामुळे शेवटच्या वर्षांत एकच वर्ग फुटायचा. कुणी स्विस परीक्षेची तयारी करायचा, कुणी फ्रेंच, कुणी इंग्रजी, तर कुणी अमेरिकन. सगळ्या देशांत चालेल अशी एकच परीक्षा असावी, या खटपटीतून १९६८ मध्ये जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था उभी राहिली. थोडक्यात, आईवडिलांच्या नोकरीमुळे देश बदलणाऱ्या आणि विद्यापीठ कुठले हे आधी ठाऊक नसलेल्या मुलासाठी ही परीक्षा घडवली गेली. ती कुठल्याही एका देशाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत नाही. हे तिचे बळ आहे, आणि भारतातच शिकायचे ठरवलेल्या मुलाची अडचणही यातूनच सुरू होते.

रचना अशी आहे. सहा विषय घ्यायचे. एक भाषा साहित्यासह, दुसरी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कलेचा किंवा आधीच्या गटांतला आणखी एक. त्यातले साधारण तीन उच्च स्तरावर, म्हणजे मुलांच्या बोलीत 'एचएल', आणि तीन 'एसएल'. एचएल विषयाला २४० तास आणि एसएलला १५० तास शिकवणे अपेक्षित असते. प्रत्येक विषयाला ७ गुण, म्हणून बेचाळीस. शिवाय ज्ञानमीमांसेचा 'टीओके' हा विषय आणि ४,००० शब्दांचा स्वतंत्र संशोधन निबंध, ज्याला सगळे 'ईई' म्हणतात, या दोन्हींचे मिळून ३. एकूण ४५. कला, खेळ आणि समाजकाम यांच्या 'कॅस'ला गुण नाहीत, पण ते पुरे केले नाही तर डिप्लोमाच मिळत नाही. उत्तीर्ण व्हायला २४ गुण आणि काही अटी. अलीकडच्या वर्षांत जगभरची सरासरी तिसाच्या आसपास राहिली आहे. ४५ पैकी ३४ गुण मिळवलेल्या मुलीच्या आजोबांना तो आकडा फारसा मोठा वाटणार नाही, पण ती जगाच्या सरासरीपेक्षा बरीच वर आहे. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

ए लेव्हलची चाल याच्या उलट. तीन विषय, फार तर चार, आणि तेवढेच खोलात जाऊन शिकायचे. एखाद्याने भौतिकशास्त्र, गणित आणि पुढचे गणित, म्हणजे 'फर्दर मॅथ्स', घेतले तर साहित्याचा निबंध त्याला लिहावा लागत नाही. इतिहास, अर्थशास्त्र आणि इंग्रजी साहित्य घेणारीला गणिताची सक्ती नाही. आणखी एक फरक पालकांच्या नजरेतून सुटतो. केंब्रिजमध्ये अकरावीच्या शेवटी 'एएस' स्तराची परीक्षा देता येते, म्हणजे बारावीत अर्ज करताना हातात काही खरे गुण असतात. आयबीत लेखी परीक्षा थेट दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एप्रिल-मे महिन्यात होते. तोवर विद्यापीठाला दिसतो तो शाळेने वर्तवलेला अंदाज.

हा अंदाज, म्हणजे 'प्रेडिक्टेड ग्रेड', या दोन वर्षांतला सगळ्यांत नाजूक भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ब्रिटनमधली विद्यापीठे अंदाज पाहून सशर्त प्रवेश देतात: अमुक इतके गुण मिळाले तर जागा तुमची. अंदाज कमी दिला तर चांगल्या ठिकाणी अर्जच पुढे सरकत नाही. जास्त दिला तर ऑक्टोबरात आनंद आणि जुलैत रडारड. मेमधल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तेव्हा एक-दोन गुण कमी पडले की हातची जागा जाऊ शकते, आणि पुन्हा शोधायला वेळ फार थोडा असतो. अंदाज किती विश्वासाचा, हे तो वर्तवणाऱ्या शिक्षकाच्या अनुभवावर ठरते. ज्याने आयबीच्या चार-पाच तुकड्या पाहिल्या आहेत आणि ज्याने तपासलेले प्रकल्प बाहेरच्या नियामकाकडून फारसे खालीवर न होता परत आले आहेत, त्याच्या आकड्याला अर्थ असतो. आयबीच्या बहुतेक विषयांत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक, अंतर्गत मूल्यमापनाचा असतो. शाळेने दिलेले हे 'आयए'चे गुण नमुन्यादाखल बाहेर तपासले जातात, आणि शिक्षक उदार असेल तर सगळ्या वर्गाचे गुण खाली येतात. २०२० मध्ये महासाथीमुळे मेच्या परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा हेच अंतर्गत काम, शाळेचे अंदाज आणि शाळेची जुनी कामगिरी यांच्या आधारे निकाल लावला गेला. जगभर मुलांनी आक्षेप घेतले आणि ऑगस्टमध्ये निकालपद्धती दुरुस्त करावी लागली. ज्या गुणांकडे एरवी कुणाचे लक्ष नसते, त्यांच्यावर किती काय अवलंबून असू शकते हे त्या वर्षी कळले.

म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न हा: गेल्या तीन वर्षांत तुमचे अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांत सरासरी किती फरक पडला? जी शाळा हे स्वतः तपासते ती सांगू शकते. जी सांगायला कचरते तिच्याबद्दल मी सावध राहीन.

निकालाच्या जाहिरातीही अशाच खोलात जाऊन वाचाव्यात. 'सरासरी ३६' हा आकडा बारा मुलांच्या वर्गाचा आहे की शंभर मुलांच्या? त्या वर्षी अकरावीत किती मुले होती आणि पूर्ण डिप्लोमाला बसली किती? झेपत नसलेल्या मुलाला डिप्लोमा सोडून सुट्या विषयांची प्रमाणपत्रे घ्यायला सुचवण्याची पद्धत आहे. त्या मुलासाठी कधी कधी ते योग्यही असते, पण त्याने शाळेची सरासरी आपोआप वर जाते. विद्यापीठांच्या यादीचेही तसेच. एका हुशार मुलीला दहा ठिकाणांहून होकार आला तर दहा बोधचिन्हे पत्रकावर झळकतात, जाते ती एकाच ठिकाणी. मुले प्रत्यक्ष कुठे गेली, हे विचारावे. मधल्या गुणांची मुले कुठे गेली, हे तर आवर्जून विचारावे. आपला मुलगा बहुधा त्यांच्यातलाच असणार आणि त्यात काहीच वाईट नाही.

आता विषयांकडे. इथे झालेली चूक सहा महिन्यांनी कळते, तेव्हा ती निस्तरता येत नाही.

पत्रकात अठरा विषय छापलेले असतात. यंदा त्यातले किती चालणार? लहान शाळेत पुरेशी मुले नसली तर विषय उघडत नाही, किंवा दोन विषय वेळापत्रकात एकाच तासाला येतात आणि मुलाला त्यातला एक सोडावा लागतो. 'रसायनशास्त्र एचएल, गणित एए एचएल, अर्थशास्त्र एचएल, ही जोडणी यंदा माझ्या मुलीला मिळेल का' असा नेमका प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. गणितात २०१९ पासून दोन वाटा झाल्या आहेत. 'एए' ही कलन, बीजगणित आणि सिद्धतांवर भर देणारी, आणि 'एआय' ही सांख्यिकी आणि उपयोजनावर. दोन्ही एचएल आणि एसएल स्तरांवर मिळतात. गणित अवघड जाते म्हणून अकरावीत 'एआय एसएल' घेतलेल्या मुलाला बारावीत अभियांत्रिकीची ओढ लागली, तर ब्रिटनमधल्या नामांकित विभागांचे दार त्याच्यासाठी जवळपास बंद झालेले असते. जर्मनीत तर विषयांची जोडणी देशभराच्या नियमांनी तपासली जाते आणि गणित किंवा एखादे निसर्गविज्ञान एचएलवर असावे लागते. म्हणून आधी दोन-तीन देश आणि दोन-तीन अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवावेत, त्यांच्या अटी त्या त्या विद्यापीठांच्या पानांवर वाचाव्यात, आणि मग उलट येत विषयांपर्यंत पोहोचावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे नक्की ठरलेले नसते, ते स्वाभाविकच आहे. अशा वेळी जास्तीत जास्त दारे उघडी ठेवणारे विषय घ्यावेत, आणि गणिताबाबत घाईने खालची पायरी धरू नये.

भाषेबद्दल मराठी घरांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आयबीत मातृभाषेतले साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासण्याची सोय एसएल स्तरावर आहे. आपल्या भाषेसाठी ती कशी मिळवायची, हे समन्वयकाला प्रवेशाआधीच विचारावे. दोन भाषा साहित्याच्या स्तरावर घेऊन दोन्हींत किमान ३ गुण मिळवले तर द्वैभाषिक डिप्लोमा मिळतो. आवडीने वाचणाऱ्या मुलाने ही वाट निवडली तर त्याला फार समाधान मिळेल असे मला वाटते. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी दुसरी भाषा म्हणून हिंदी घेणे सोयीचे पडते. नवीन भाषा अगदी शून्यापासून शिकण्याचाही पर्याय असतो.

यानंतरचा प्रश्न बरेच जण टाळतात. मूल परदेशी जाणार हे खरेच ठरले आहे का?

आयबी डिप्लोमाला भारतीय विश्वविद्यालय संघ बारावीच्या बरोबरीचा मानतो, आणि केंब्रिजच्या ए लेव्हललाही विषयांच्या अटींसह मान्यता आहे. कागदावर दार उघडे आहे. पण आयआयटीच्या जेईईची किंवा वैद्यकीयच्या नीटची तयारी ही स्वतंत्र, पूर्णवेळ गोष्ट आहे. आयबीतला मुलगा दुपारी प्रयोगाचा अहवाल लिहीत असतो, संध्याकाळी ईईच्या मार्गदर्शकाला भेटत असतो, आणि शनिवारी कॅससाठी बाहेर असतो. त्यात क्लासचे सहा तास बसवायचे म्हणजे दोन्हीकडे अर्धे काम. माझे मत स्पष्ट आहे. जेईई किंवा नीट हेच ध्येय असेल तर या दोन वर्षांसाठी आयबी शाळा निवडू नये. फीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी निवडू नये.

नीट देणाऱ्यांसाठी आणखी दोन अडथळे आहेत. नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीव ही तिन्ही शास्त्रे लागतात, आणि आयबीच्या नेहमीच्या चौकटीत तीन विज्ञाने बसत नाहीत. सामाजिक शास्त्राच्या जागी तिसरे विज्ञान घेण्याची परवानगी मिळू शकते, पण ती शाळेने आयबीकडे वेळेत अर्ज करून मिळवायची असते. दुसरा अडथळा शाळा कुठल्या राज्यात आहे याचा. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी लागते. काही ठरावीक अपवाद आहेत, पण साध्या घरातल्या मुलाला ते लागू होत नाहीत. दहावी पुण्यात केली आणि अकरावी-बारावीसाठी मसुरीच्या वुडस्टॉकला किंवा कोडाईकनालला गेले, तर ही वाट बंद होते. कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल ही भारतातली पहिली आयबी शाळा, १९७६ पासूनची. तिथे जाण्याची कारणे उत्तम असू शकतात, फक्त हा नियम माहीत असताना जावे. आखातातून किंवा दुसऱ्या राज्यातून बदली होऊन परतणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तो आधी वाचावा.

भारतातच पदवी घ्यायची आहे, पण जेईई-नीट नको, अशांना तारखांची अडचण येते. आयबीचा निकाल जुलैत लागतो आणि अनेक महाविद्यालयांचे प्रवेश त्याआधीच सुरू झालेले असतात. केंब्रिजने भारतातल्या शाळांसाठी फेब्रुवारी-मार्चची परीक्षा ठेवली आहे आणि तिचा निकाल मेमध्ये येतो. त्यामुळे या बाबतीत ती मुले पुढे असतात. अलीकडच्या खासगी उदारकला विद्यापीठांत मात्र आयबीच्या मुलांना सहज सामावून घेतले जाते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. परदेशी शिकायला जायचे म्हणून आंतरराष्ट्रीय शाळा हवीच, असे अजिबात नाही. अमेरिकी विद्यापीठे सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळ या सगळ्यांची मुले घेतात, आणि नववीपासूनचे गुणपत्रक पाहतात. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठे सीबीएसई आणि आयएससीच्या बारावीवर थेट प्रवेश देतात. राज्य मंडळाच्या मुलांकडून काही ठिकाणी जास्त टक्के मागतात. बारावी घरच्या गावी करायची आणि वाचलेले पैसे विद्यापीठाच्या फीसाठी ठेवायचे, हा हिशेब अनेक घरांसाठी शहाणपणाचा आहे. दोन वर्षांची फी आधीच लाखांच्या घरात असते. तिच्यावर परीक्षा शुल्क, सहली, लॅपटॉप, ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आणि शेवटी गणिताची शिकवणीही येतेच.

पैशांच्या बाबतीत एक वाट वेगळी आहे. मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे डोंगरावर, १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज चालते. ते फक्त आयबीच्या दोन वर्षांचे निवासी कॉलेज आहे. यूडब्ल्यूसी म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, आणि ही कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले गेले. सुटल्यावर ते ब्रिटनला गेले. युद्धाने दुभंगलेल्या देशांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी दोन वर्षे एकत्र राहावे, या विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभे राहिले, आणि आज या मालिकेत अठरा शाळा आहेत. निवड देशोदेशीच्या राष्ट्रीय समित्या करतात, आणि घरच्या परिस्थितीनुसार शिष्यवृत्ती मिळते. निवड झालेला मुलगा मुळशीतच जाईल असेही नाही, तो आणखी कुठल्या देशातल्या शाळेतही जाऊ शकतो. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, दहावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्यांना उशीर झालेला असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या धीट, जिज्ञासू मुलांना हे सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

शाळा प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा प्रवेश विभागाबरोबर अर्धा तास पुरे. दारावरच्या पाटीत 'इंटरनॅशनल' असले तरी आत सीबीएसई असू शकते. आयबी असली तरी फक्त प्राथमिकची मान्यता मिळालेली असू शकते, किंवा डिप्लोमासाठी शाळा अजून उमेदवारच असू शकते. आयबी आणि केंब्रिज दोघांच्याही संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. पाच मिनिटांचे हे काम आधी करावे. मग डिप्लोमाच्या समन्वयकाला भेटावे. परदेशी शिक्षकांचे करार अनेकदा दोन वर्षांचे असतात. मुलाच्या एचएल विषयांचे शिक्षक पुढच्या वर्षीही असणार आहेत का, हे स्पष्ट विचारावे. पहिल्या वर्षी एकाने शिकवलेले आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने पुरे केलेले गणित मुलांना फार महाग पडते. समुपदेशकाकडे किती मुले आहेत हेही विचारावे. एका माणसाकडे बारावीची शंभर मुले असतील तर आपल्या मुलाच्या शिफारसपत्रात त्याच्याबद्दल फारसे काही नसेल.

त्यानंतर मुलाला एक दिवस वर्गात बसू द्यावे, आणि दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे 'डीपी टू'च्या मुलांशी आईवडिलांशिवाय बोलू द्यावे. रात्री किती वाजता झोपता, ईईचा पहिला मसुदा कुणी वाचला, कुठला विषय सोडावासा वाटला, हे मुले मुलांना खरे सांगतात. राज्य मंडळातून जाणाऱ्या मुलाला तिथे जाणवेल की उत्तर पाठ असून भागत नाही, 'मूल्यमापन करा' म्हटल्यावर दोन्ही बाजू तोलून स्वतःचा निष्कर्ष द्यावा लागतो. काही मुलांचे डोळे यानेच चमकतात. काहींना धास्ती वाटते, आणि घरी येऊन ती गप्प बसतात. त्या गप्प बसण्याकडे दुर्लक्ष करू नये. स्वतःहून मुदती पाळणारा, अडले की शिक्षकाकडे जाऊन विचारणारा मुलगा आयबीत फुलतो. ज्याला तीनच विषयांत रमायचे आहे त्याला ए लेव्हल मानवते. आणि एका ठरावीक परीक्षेसाठी शिस्तीत तयारी करायला आवडणाऱ्याला आपले कनिष्ठ महाविद्यालय उत्तम.

प्रवेश झाल्यावरही पहिले काही आठवडे निवड पूर्ण झाली असे धरू नये. एचएलचा एसएल करणे किंवा विषय बदलणे साधारण सुरुवातीच्या काही आठवड्यांतच शक्य असते, आणि ती शेवटची तारीख प्रत्येक शाळा स्वतः ठरवते. फी परतीची मुदतही तेव्हाच संपत येते. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्याही त्याच सुमारास चालू असू शकतात. या तिन्ही तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात, त्यांच्या आधीच्या रविवारी मुलाबरोबर बसून सहाही विषयांबद्दल एकेक करून विचारावे, आणि काही बदलायचे असेल तर सोमवारी सकाळी समन्वयकाला गाठावे.